पुण्याच्या सरकारी हायस्कूलची सुरुवात: सहा फलक, बारा आठवडे, कामाच्या नोंदी

आमच्या वाचनालयाच्या छोट्या दालनात पुण्याच्या पहिल्या सरकारी हायस्कूलवर सहा फलकांचं प्रदर्शन लावलं. काम करणारे तिघं: मी, डिझाइन करणारी माझी भाची, आणि आमच्याच इमारतीतले तळमजल्यावरचे काका. काका निवृत्त आहेत, मोडी वाचतात आणि समोरच्याची चूक लगेच पकडतात. आपल्या गावातल्या जुन्या शाळेवर कुणाला असं काही करायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून वहीतल्या नोंदी इथे उतरवते आहे. फार साफसूफ केलेल्या नाहीत.

२ जून

ठरलं. दोन बाय तीन फुटांचे सहा फलक, सनबोर्डवर (हलका, फोमचा जाड पुठ्ठा). हातात पैसे ६,०००. मी काकांना म्हटलं, "तीन आठवडे पुरेत." काका काहीच बोलले नाहीत. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

५ जून

सुरुवात मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरपासून, म्हणजे इंग्रज सरकारच्या जिल्हावार माहितीग्रंथापासून. पुणे जिल्ह्याचा अठरावा खंड, १८८५ चा, तीन भागांत. शहराची माहिती तिसऱ्या भागात आहे. स्कॅन फुकट मिळतं, पण त्यात शब्द शोधायला गेले तर "विश्रामबाग", म्हणजे हायस्कूल भरायचं त्या वाड्याचं नाव, मुळी सापडेचना. दोन संध्याकाळी फुकट. मग कळलं की या खंडात देशी नावांतल्या दीर्घ 'आ'वर इंग्रजी अक्षरांत एक तिरपी रेघ दिलेली असते आणि स्कॅन वाचणारं यंत्र त्या अक्षराचं वाट्टेल ते करतं. कधी चारचा आकडा, कधी उद्गारचिन्ह, कधी नुसती मोकळी जागा. इलाज सोपा: नाव शोधायचंच नाही. वर्ष शोधायचं, किंवा नावाचा रेघ नसलेला तुकडा. "विश्राम" न शोधता फक्त "विश्र" शोधलं आणि धडाधड पानं निघाली.

१४ जून

भाचीने पहिला फलक तयार केला. आकार, अक्षरं, रंग कसे दिसतात ते बघायला एक प्रत छापून घेतली, ५४० रुपये. वर ठसठशीत ओळ: "स्थापना ६ ऑक्टोबर १८२१." फलक जिन्यातून वर आणताना काका भेटले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी तो वाचला.

"हे हायस्कूल आहे का?"

"हो काका. विश्रामबाग वाड्यातलंच ना?"

"वाडा तोच. शाळा ती नव्हे."

काकांचं बरोबर होतं. पेशवाई संपल्यावर तीन वर्षांनी, दख्खनचे कमिशनर चॅप्लिन यांनी विश्रामबाग वाड्यात काढली ती संस्कृत पाठशाळा. हिंदू कॉलेज असंही तिचं नाव सापडतं. पैसा दक्षिणा फंडातला. पेशवे विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत, ती एकदम बंद केली तर शहर बिथरेल म्हणून मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टनने तो पैसा विद्येकडे वळवायचं धोरण धरलं होतं. तिथे शिकवत ती शास्त्रं. इंग्रजी, भूगोल, अंकगणित असलं, आपण हायस्कूल म्हणताना जे डोळ्यांसमोर येतं, त्यातलं काही नव्हतं. १८२१ हे वर्ष मी का उचललं? कारण वाड्याबद्दल वाचताना ते पहिलं दिसलं आणि गोल होतं. दोनशे वर्षं झाली असं म्हणता आलं असतं, हा मोह होताच.

५४० पाण्यात. फलक कपाटामागे ठेवला.

१७ जून

मग खरं वर्ष कोणतं? तीन दिवस याच प्रश्नापाशी अडकलो. भाची वैतागून म्हणाली, "मावशी, तू प्रश्नच चुकीचा विचारतेयस. शाळा कधी सुरू झाली ते सोड. शाळा कशातून निघाली ते लिही."

हे मला आधी सुचायला हवं होतं. घरातल्या जुन्या खातेवहीत दोन रकाने पाडले: डावीकडे संस्थेचं नाव, उजवीकडे वास्तू. मधे वर्ष. नाव आणि वास्तू एका ओळीत लिहायचं नाही, हा नियम. दोन्ही एकत्र लिहिलं की एक बदललं तरी दुसरं बदलल्याचा भास होतो.

रकाने भरत गेलो तसं चित्र स्पष्ट झालं. १८४० मध्ये मुंबईत बोर्ड ऑफ एज्युकेशन आलं. पुण्यात संस्कृत पाठशाळा एकीकडे आणि सरकारी इंग्रजी शाळा दुसरीकडे, अशा दोन गोष्टी होत्या. १८५१ मध्ये त्या जोडून पूना कॉलेज झालं. प्रमुख मेजर कँडी. हे तेच, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत ज्यांचा हात आहे ते. पण त्या "कॉलेजात" शाळकरी मुलंही होती. म्हणजे १८५१ नंतरच्या कागदात "कॉलेज" दिसलं की मोठी मुलं असं मानायचं नाही.

शाळा आणि कॉलेज यांच्यात रेघ ओढली ती परीक्षेने. १८५४ चा वुडचा खलिता (शिक्षणाबद्दल विलायतेहून आलेलं धोरणपत्र), १८५५ मध्ये शिक्षण खातं, १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ, १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक, म्हणजे विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा. मॅट्रिकच्या अलीकडचे ते हायस्कूल, पलीकडचे ते कॉलेज. कॉलेजला पुढे डेक्कन कॉलेज हे नाव मिळालं आणि मार्च १८६८ मध्ये त्याची येरवड्याची इमारत उघडली. सर जमशेटजी जीजीभाईंनी त्यासाठी लाख रुपये दिले होते. हायस्कूल शहरात राहिलं.

म्हणून पहिल्या फलकावर आता स्थापनेचं वर्षच नाही. एक ओळ आहे: "हे हायस्कूल एका कॉलेजातून सुटं झालं." बाकी प्रदर्शनांत हे उलट घडतं, शाळेचं कॉलेज होतं. इथे कॉलेजातून शाळा निघाली, हीच सांगण्यासारखी गोष्ट निघाली. ती मी १८२१ च्या नादात घालवणार होते.

३ जुलै

एका अभिलेखागारात अर्ज दिला होता. आज रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, हाती आला, बावीस दिवसांनी. यादीत "पूना स्कूल, पत्रव्यवहार" असं लिहिलेलं. रुमाल सोडला, धूळ नाकात गेली, आणि पहिल्याच पानावर कळलं की ही शाळा लष्कर भागातली, गोऱ्यांच्या मुलांची. आपला तिच्याशी संबंध नाही. चूक माझीच. अर्जात मी नुसतं "पुण्याची शाळा" लिहिलं होतं. शहर आणि छावणी त्या काळात कागदोपत्री दोन वेगळी गावं असल्यासारखी वागतात. अर्जात पेठ लिहा, वाड्याचं नाव लिहा, खातं लिहा.

जाणं-येणं आणि झेरॉक्स मिळून ३४० रुपये. बावीस दिवसांचा हिशोब मांडत नाही.

११ जुलै

आजची चूक छापायच्या आधी सापडली, म्हणून विशेष आनंद.

पाचवा फलक न्यू इंग्लिश स्कूलवर. सरकारी हायस्कूलच्या गोष्टीत खाजगी शाळा कशाला, असं भाचीने विचारलं. कारण ती शाळा काढली कुणी? विष्णुशास्त्री चिपळूणकर याच सरकारी हायस्कूलचे विद्यार्थी, पुढे तिथेच शिक्षक. सरकारी नोकरीत असतानाच १८७४ मध्ये त्यांनी निबंधमाला हे मासिक सुरू केलं. मग रत्नागिरीच्या हायस्कुलात बदली, मग राजीनामा. त्यांच्या जोडीला टिळक. तेही पुण्याच्या हायस्कूलमधून १८७२ मध्ये मॅट्रिक झालेले. सरकारी शाळेने घडवलेल्या माणसांनी तिच्यासमोरच दुसरी शाळा मांडली.

तर एका जुन्या मराठी स्मरणिकेत सुरुवातीचं वर्ष "शके १८०१" असं दिलेलं. मी ७८ मिळवले, १८७९ आलं, फलकावर घातलं. त्याच स्मरणिकेत विश्रामबागेच्या आगीलाही शके १८०१. तेही १८७९. मग वाटलं, आग लागली, हायस्कूलचे हाल झाले, आणि त्याच वर्षी लगेच नवी शाळा निघाली. छान जुळतंय! भाचीने दोन्हींच्या मधे बाणसुद्धा काढला.

काकांनी बाण बघितला आणि विचारलं, "महिना कोणता?"

शक पाडव्याला बदलतो, इसवी सन जानेवारीत. पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९. आग मे महिन्यातली, म्हणजे १८७९ बरोबर. शाळा जानेवारीच्या आरंभी उघडली, म्हणजे १८८०. शक एकच, सन दोन. बाण पुसला. आगीमुळे शाळा निघाली असं म्हणायला हातात काही नव्हतं, फक्त एक सारखा दिसणारा आकडा होता. शास्त्रीबोवांचा सरकारी नोकरीला कंटाळा आगीच्या बराच आधीचा.

२० जुलै

रविवारी सकाळी साडेसहाला वाड्यासमोर, फोटोसाठी. बाजीराव रस्ता त्या वेळीच मोकळा असतो. पाऊस नुकताच थांबलेला. दर्शनी भागातलं लाकूड ओलं होऊन काळं पडलं होतं, आणि त्यामुळे नक्षी एरवीपेक्षा उठून दिसत होती: सुरूच्या आकाराचे खांब, वर पुढे आलेला सज्जा. दुसऱ्या बाजीरावाने हौसेने बांधलेला हा वाडा. राहायला म्हणून बांधला आणि जेमतेम दहा-अकरा वर्षं वापरला. त्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षं तिथे मुलांनी घोकंपट्टी केली.

फोटोत विजेच्या तारा येतात. सज्जाच्या खालून, पाठीमागे रस्ता ठेवून काढला तर येत नाहीत, पण मग खांब वाकडे दिसतात. चाळीसेक फोटोंतला एक कामाचा निघाला.

फोटोखाली मी ओळ लिहिली होती: "याच सज्जाखालून टिळक शाळेत जात." घरी आल्यावर खोडली. आगीत वाड्याचा भाग जळाला आणि तो नंतर पुन्हा बांधला. आज दिसणारं कोणतं लाकूड १८७२ च्या आधीचं, हे मी फोटो बघून सांगू शकत नाही. जुन्या इमारतीच्या फोटोखाली "याच" हा शब्द लिहायचा नाही, हा नवा नियम वहीच्या पहिल्या पानावर.

याच फलकासाठी वाड्याच्या आणखी एका प्रसंगाला जागा केली. १६ नोव्हेंबर १८५२ ला इथे मेजर कँडींच्या हस्ते जोतीराव फुल्यांचा सरकारतर्फे शालजोडी देऊन सत्कार झाला, मुलींच्या शाळा चालवल्याबद्दल. जो वाडा दक्षिणेच्या पैशावर ब्राह्मण मुलांच्या शास्त्राभ्यासासाठी उघडला, तिथेच एकतीस वर्षांनी हा सत्कार. हायस्कूलशी थेट संबंध नाही, भाचीचं म्हणणं होतं की काढ. मी ठेवला. सहा फलकांत हा एकच प्रसंग आहे जिथे लोक थांबून वाचतील असं मला वाटलं.

२८ जुलै

टिळकांचा फलक. वाचनालयातले तीन सभासद मसुदा बघून गेले आणि तिघांनीही एकच विचारलं: "शेंगांच्या टरफलांची गोष्ट कुठेय?"

मी विचारलं, कोणती इयत्ता? कोणते मास्तर? कोणत्या गावात? एकाने रत्नागिरी सांगितलं, एकाने पुणे, तिसरे नुसते हसले. फलकावर घातली नाही. त्यावरून एक जण अजून माझ्याशी तुटक बोलतात.

घातलं ते एवढंच: जन्म १८५६, रत्नागिरी. वडील गंगाधरपंत शिक्षण खात्यात नोकरीला. १८६६ मध्ये कुटुंब पुण्यात आलं. १८७२ मध्ये मॅट्रिक, आणि त्याच वर्षी वडील गेले. गोष्टीतला टिळक नसला तरी दहा वर्षांचा मुलगा कोकणातून पुण्यात येतो आणि सोळाव्या वर्षी परीक्षा आणि पोरकेपण एकदम वाट्याला येतं, हे मला टरफलांपेक्षा जास्त वाटतं. हायस्कूलचे हेडमास्तर म्हणून महादेव मोरेश्वर कुंटे यांचं नावही याच फलकावर आहे. कवी म्हणून लोक त्यांना थोडे ओळखतात, हेडमास्तर म्हणून जवळजवळ नाहीच.

५ ऑगस्ट

आगीचा फलक सगळ्यात भराभर झाला, कारण तारीख पक्की होती: १३ मे १८७९. पेशव्यांचा दुसरा वाडा, बुधवार वाडा, त्या आगीत गेलाच, विश्रामबागेचा काही भाग जळाला. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचे दिवस. संशय त्यांच्या माणसांवर गेला. लोकवर्गणी आणि नगरपालिकेच्या पैशातून वाडा पुन्हा उभा राहिला.

इथे एक गोष्ट अशी सापडली की काकाही गप्प झाले. १८६० मध्ये वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्याबरोबर पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन ही खाजगी शाळा ज्यांनी काढली, त्यांतले तिसरे फडकेच. पुढे तीच भावे स्कूल म्हणून प्रसिद्ध झाली. म्हणजे ज्या बंडखोराच्या नावाने शहर सरकारी शाळेच्या आगीबद्दल कुजबुजत होतं, तो स्वतः एका शाळेच्या संस्थापकांपैकी. भाचीला म्हटलं, इथे बाण काढू नकोस. दोन ओळी एकाखाली एक ठेव, पुरे.

१४ ऑगस्ट

छपाई. सहा फलक, प्रत्येकी ५४०, एकूण ३,२४०. सकाळी फाइल दिली, संध्याकाळी आणायला गेले. दोन फलकांवर "पायऱ्या", "दुसऱ्या", "नोकऱ्या" सगळीकडे ऱ्याचा र्या झालेला. "दुसऱ्या बाजीरावाने"चं "दुसर्या बाजीरावाने". छापणाऱ्याच्या मशीनवर आमचा फॉन्ट नव्हता, त्याने जवळचा दुसरा उचलला. तो म्हणाला, "मॅडम, कर्व्ह्ज करून द्यायचं ना!" म्हणजे फाइलमधली अक्षरं आकृत्यांत बदलून द्यायची, मग फॉन्ट लागतच नाही. भाचीला हे माहीत होतं. चार फाइलींना केलं होतं, दोन राहिल्या होत्या. दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि कुणीच काही बोललं नाही.

दोन पुन्हा छापले, १,०८०. कर्व्ह्ज केल्यावर मजकूर सुधारता येत नाही, म्हणून मूळ फाइल वेगळ्या नावाने ठेवा, हेही तिथेच शिकलो. भाचीने घाईत एकीवर दुसरी जतन केली होती आणि रात्री दीड वाजेपर्यंत अख्खा फलक पुन्हा टंकत बसली.

१७ ऑगस्ट

हिशोब. वाया गेलेला पहिला फलक ५४०. झेरॉक्स आणि स्कॅन १,१२०. बस-रिक्षा ७६०. छपाई ३,२४०. फेरछपाई १,०८०. साखळ्या, हूक, डबल टेप ३१०. एकूण ७,०५०. हजार-पन्नास रुपये वर गेले, ते मी आणि काकांनी निम्मे निम्मे घातले. वाया गेलेले तीन फलक वाचले असते तर खिशाला हात घालावाच लागला नसता.

डबल टेपवर भिस्त ठेवू नका. पावसाळ्यात भिंत ओलसर असते. दुसऱ्याच रात्री मॅट्रिकचा फलक तोंडावर पडला, एक कोपरा दबला. सगळे साखळीवर टांगले. साखळी दोन ठिकाणी नाही, तीन ठिकाणी लावायची, नाहीतर सनबोर्ड मधे पोट काढतो.

२४ ऑगस्ट

उघडलं. पहिल्या दिवशी साठेक माणसं. सगळ्यात जास्त वेळ लोक थांबले ते दोन रकान्यांच्या तक्त्यापुढे. हा तक्ता मी शेवटच्या क्षणी, जागा उरली म्हणून पहिल्या फलकाच्या तळाला घातला होता, आणि अक्षरं इतकी बारीक की एक आजोबा वाकून, गुडघ्यावर हात ठेवून वाचत होते. पुढच्या वेळी तोच मोठा, डोळ्यांच्या उंचीवर.

आजोबा उठून माझ्याकडे आले. "म्हणजे शाळा १८२१ ची ना?"

काका पाठीमागे उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. आजोबांना खुर्ची दिली आणि पहिल्यापासून सांगितलं.

संध्याकाळी झड आली आणि दालनाची पश्चिमेची खिडकी, जिची काच वर्षभर फुटकी आहे, तिथून पाणी थेट आगीच्या फलकावर यायला लागलं. भाची धावत घरी गेली, कपाटामागचा १८२१ चा सनबोर्ड घेऊन आली आणि खिडकीत ठोकला. बरोबर बसला, दोन बाय तीन. मजकूर बाहेरच्या बाजूला आहे.

काका म्हणाले, "आतून करा. रस्त्यावरून वाचतील."

आता आतून आहे, वर वर्तमानपत्र चिकटवलंय.